तीरगराचा सांधा

तीरंदाज हा शब्द मराठीत घरोघर माहीत आहे. साताऱ्याच्या आदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड धनुष्याची वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी हा शब्द अभिमानाने छापला. त्याच घराण्यातला दुसरा शब्द मात्र आपल्या कानावर क्वचितच येतो. तो म्हणजे तीरगर. फारसीत 'गर' म्हणजे करणारा. सौदागर, जादूगार, रफूगर, शिकलगार या शब्दांतून हा 'गर' मराठीत केव्हाच रुळला आहे. तीर करणारा तो तीरगर.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत 'तिरगर, तिरबंदा' अशी एक नोंद आहे. गुजरात आणि राजस्थानातही हा समाज आहे. तीर करणारा आणि तीर बांधणारा, असा या दोन शब्दांचा सरळ अर्थ. तीर सोडणाऱ्याची बखर झाली, चित्रे निघाली, पोवाडे झाले. तीर करणाऱ्याचे नाव जातीच्या यादीत उरले. इतिहासाने ही वाटणी कशी केली, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही बाणाचा अगदी छोटा भाग निवडला आहे. लोखंडी टोक काठीला जिथे जोडले जाते तो सांधा. हा सांधा जेमतेम दोन बोटे लांबीचा असतो. पण त्यात कारागिरी आहे, धर्मशास्त्र आहे, शस्त्रक्रिया आहे आणि एका संपवल्या गेलेल्या जमातीची आठवणही आहे.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊ. तीर म्हणजे बाण, कमान म्हणजे धनुष्य, तरकश म्हणजे भाता आणि पैकान म्हणजे बाणाचे लोखंडी टोक. कमान मराठीत दारावर आणि मशिदीच्या मेहराबीत जाऊन बसली. भिल्लांच्या हातातला तिरकमठाही याच नात्यातला. पैकान मात्र मराठीत आला नाही. इथे आम्ही त्याला पाते किंवा टोक म्हणू.

एका बाणाचे तीन वाटेकरी

हजरत उक्बा इब्न आमिर (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस अबू दाऊद, तिर्मिजी आणि इतर संग्रहांत आढळते. तिचा आशय असा, की एका बाणामुळे अल्लाह तीन माणसांना जन्नतमध्ये दाखल करतो. चांगल्या हेतूने तो बाण बनवणारा, तो सोडणारा आणि तो हातात देणारा. आमच्या वाझांत या हदीसचा उल्लेख होतो तो बहुधा तीर सोडणाऱ्याच्या शौर्यासाठी. पण यादीत पहिला मान कोणाला, हे कोणी थांबून सांगत नाही. पहिला आहे तो कारागीर. भट्टीजवळ बसलेला, काठी डोळ्यासमोर धरून तिचा बाक पाहणारा माणूस.

हे केवळ शब्दांपुरते नव्हते. इस्लामच्या इतिहासात पहिला बाण सोडण्याचा मान हजरत साद इब्न अबी वक्कास (रजि.) यांना दिला जातो. हे साद बाण तासण्याचे काम करीत, असे जुने अरबी ग्रंथकार सांगतात. इ. स. ६२५ च्या उहुदच्या लढाईत साद बाण सोडत होते आणि स्वतः पैगंबर हजरत मुहंमद (स.) आपल्या भात्यातले बाण काढून त्यांच्यापुढे ठेवत होते. हदीसमधल्या तीनही जागा त्या दिवशी भरलेल्या दिसतात. बनवणाऱ्या हाताला सोडणाऱ्या हातापासून वेगळे करून खाली बसवण्याची रीत तिथे नव्हती. पुढे याच साद यांनी कादिसियाच्या लढाईत सैन्याचे नेतृत्व केले आणि कुफा शहर वसवले. मक्केत तलवारी घडवणारे लोहार हजरत खब्बाब (रजि.) तर गुलामीतून आलेले होते. त्यांचा समावेश पहिल्या काही मुसलमानांत होतो.

बाणाच्या टोकाविषयी आणखी एक शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जायचे असेल तर त्याची टोके मुठीत धरावीत, म्हणजे कोणा मुसलमानाला इजा होणार नाही. धारदार वस्तू बाळगणाऱ्याने धार स्वतःकडे ठेवावी, हा हत्यार हाताळण्याचा पहिला नियम चौदाशे वर्षांपूर्वी बाजारातल्या गर्दीकडे पाहून सांगितला गेला.

तिसरी गोष्ट शिकारीची. हातिमताईचे किस्से आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. त्या हातिमचा मुलगा अदी (रजि.) हा शिकारीचा शौकीन. त्याने पैगंबरांना शिकारीबद्दल बारीक प्रश्न विचारले. त्यातला एक मिअराद नावाच्या जड, बिनपिसांच्या बाणाविषयी होता. उत्तराचा आशय असा, की तो धारेने लागून भेदला तर खा. आडवा लागून माराने जनावर मेले तर खाऊ नका, कारण ते आपटून मारलेले होय. कुरआनच्या पाचव्या सूरेत हराम ठरवलेल्या मांसात आपटून वा ठोकून मेलेल्या जनावराचा उल्लेख आहेच. त्याच सूत्राने हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांनी बुंदुका म्हणजे मातीच्या गोळीने मेलेले जनावर ठोकून मेलेल्यांत धरले. याच बुंदुक शब्दावरून पुढे बंदूक हा शब्द आला. बंदुकीच्या शिशाच्या गोळीबाबत नंतरच्या काळातील उलेमांत मतभेद झाले, ते याच मुद्द्यावरून.

अदींना मिळालेल्या उत्तरांत आणखी एक बारकावा आहे. बाण लागलेले जनावर पळून गेले आणि एखाद्या दिवसाने सापडले, तर त्यात आपला बाण असावा आणि दुसऱ्या कशाची खूण नसावी. ते पाण्यात पडलेले सापडले तर खाऊ नये. म्हणजे मृत्यू कशाने आला याची शिकाऱ्याला खात्री हवी. ही खात्री शेवटी कशावर उभी असते? पाते धारदार होते का, सरळ गेले का आणि काठीला घट्ट बसलेले होते का, यावर. हलाल-हरामचा निवाडा फकीहच्या किताबात लिहिला गेला. त्यातली निम्मी जबाबदारी मात्र तीरगराच्या हातात होती.

पोकळ काडी आणि लाकडाची खुंटी

संस्कृतात शर म्हणजे बाण आणि शर म्हणजे एका जातीचे उंच गवतही. बाणाचे नावच गवतावरून पडलेले आहे. ज्या बोरूने आमच्या वाडवडिलांनी अलिफ-बे आणि मोडी दोन्ही गिरवले, तशाच काड्यांपासून हिंदुस्थानात, इराणात आणि अरब मुलुखात बाण होत. लेखणी आणि बाण ही एका कुळातली भावंडे आहेत, असे म्हणायला हरकत नाही. अशी काडी हलकी असते, ताठ असते आणि वाकवली तर परत सरळ होते. धनुष्याची दोरी सुटताना बाणाला मागून जबर धक्का बसतो, त्याने काठी क्षणभर लवते आणि मग सावरते. लवावे पण मोडू नये, हा गुण गवताच्या काडीत उपजतच आहे.

अडचण एकच. काडी आतून पोकळ किंवा भुसभुशीत असते. पौर्वात्य बाणांच्या पात्याला बहुधा मागे अणकुचीदार शेपटी असते. विळ्याच्या पात्याची शेपटी जशी लाकडी मुठीत शिरते तशी. ही शेपटी काडीत सरळ ठोकली, तर पहिल्याच आघाताला ती मागे सरकणार आणि काडी उभी चिरणार. म्हणून कारागिरांनी काडीच्या पुढच्या टोकात कठीण लाकडाची खुंटी बसवली. खुंटीला भोक पाडून त्यात पात्याची शेपटी घातली. वरून सरस लावून जनावराच्या कंडराचे ओले धागे करकचून गुंडाळले. कंडराचा गुण असा, की तो वाळताना आवळत जातो. ओला असताना घातलेला वेढा दुसऱ्या दिवशी लोखंडी कड्यासारखा घट्ट होतो. त्यावर रंग किंवा रोगण चढवायचे, कारण सरस आणि कंडरा या दोघांचाही वैरी एकच, तो म्हणजे ओलावा. संग्रहालयांत मोगल काळातील बाणांवर वेलबुट्टी दिसते. ती शोभेची तर आहेच, पण रंगाखालचा वेढाही ती जपते.

युरोपातल्या तीरगरांची वाट थोडी वेगळी होती. ते भरीव लाकडाच्या काठ्या वापरत, म्हणून त्यांच्या पात्याला मागे बहुधा नळी असे आणि काठीचे निमुळते टोक त्या नळीत बसे. काठी भरीव असेल तर पाते काठीवर चढते, आणि पोकळ असेल तर पाते काठीत उतरते. हा साधा नियम ध्यानात ठेवला तर पुढची सारी गोष्ट समजते.

जोडकामाचा हा प्रश्न आपल्या मातीतही जुना आहे. नागपूर परिसरातल्या माहुरझरी आणि नायकुंड येथील महापाषाण काळातील लोखंडी कुऱ्हाडी प्रसिद्ध आहेत. पाते दांड्याला पक्के राहावे म्हणून त्यांवर आडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या आहेत. पाते घडवणे हे अर्धे काम. ते दांड्यावर टिकवणे हे उरलेले अर्धे.

या विषयावर मुस्लिम जगात शास्त्रशुद्ध ग्रंथ लिहिले गेले. मामलुक काळात, चौदाव्या शतकात, तैबुगा याने तीरंदाजीवर अरबी ग्रंथ रचला; लॅथम आणि पॅटरसन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद १९७० साली प्रसिद्ध केला. सुमारे १५०० सालच्या एका अरबी हस्तलिखिताचा अनुवाद फारिस आणि एल्मर यांनी १९४५ साली प्रिन्स्टनहून छापला. इस्तंबूलमध्ये सुलतान महंमद फातेहने १४५३ च्या विजयानंतर ओकमैदान नावाचे मैदान तीरंदाजीसाठी राखून दिले. मुस्तफा कानी याने एकोणिसाव्या शतकात सुलतान दुसरा महमूद याच्यासाठी तुर्की तीरंदाजीचा बृहद्‌ग्रंथ लिहिला. २०१९ साली युनेस्कोने तुर्की तीरंदाजीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा हे कारागीरही त्या वारशात मोजले गेले.

शल्य

आपण रुग्णालयावर 'शल्यचिकित्सा विभाग' अशी पाटी वाचतो. या शब्दाचे मूळ बाणाच्या टोकात आहे. शल्य म्हणजे बाणाचे पाते आणि मग शरीरात रुतून राहिलेली कोणतीही बाहेरची वस्तू. काठी ओढली की ती हातात येते आणि पाते आत राहते. सरस ओलाव्याने सुटतो, कंडराचा वेढा सैल पडतो आणि जोड जागा सोडतो. तीरगराचा सांधा जिथे हार मानतो, तिथे वैद्याचे काम सुरू होते. सुश्रुताने शल्य शोधून काढण्याच्या रीती सविस्तर सांगितल्या, आणि शल्यतंत्र हे आयुर्वेदाचे एक अंगच झाले.

कॉर्डोव्हाचा अबुल कासिम अल-जहरावी (निधन सुमारे १०१३) याने आपल्या तीस भागांच्या वैद्यकग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेला दिला. शरीरात रुतलेले बाण कसे काढावेत यावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. पात्याचे आकार वेगवेगळे असतात, काहींना उलटे काटे असतात, म्हणून प्रत्येकाला काढण्याची तऱ्हाही वेगळी असते, असा त्याचा विवेक आहे. बाराव्या शतकात हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या शल्यवैद्यांनी तो शतकानुशतके वाचला. अकबराच्या काळी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शस्त्रागाराची यादी दिली. तिच्यात बाण आणि भात्याबरोबर पैकानकश, म्हणजे टोक उपटण्याचे हत्यारही आहे.

या शल्याचा एक जुना आणि हृदयद्रावक पुरावा आल्प्स पर्वतात मिळाला. १९९१ साली इटली-ऑस्ट्रिया सीमेवरच्या बर्फात सुमारे सव्वापाच हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा देह सापडला. ओत्झी या नावाने तो जगाला माहीत झाला. त्याच्या भात्यात चौदा बाण होते, पण त्यांतले दोनच पूर्ण झालेले. या दोघांची गारगोटीची पाती भूर्ज झाडाच्या सालीतून काढलेल्या डांबराने चिकटवून वरून दोऱ्याने बांधलेली होती. दहा वर्षांनी, २००१ साली, क्ष-किरण तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात बाणाचे एक पाते दिसले. काठी नव्हती, ती ओढून काढलेली होती. स्वतःचे बाण पुरे करण्याआधी दुसऱ्याचा बाण त्याला गाठून गेला.

पाते आत राहावे की बाहेर यावे, हा प्रश्न नीतीचाही झाला. उलट्या काट्यांचे, विषात बुडवलेले आणि पेटवलेले बाण युद्धात वापरू नयेत, असा निर्बंध मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात आहे. मनुस्मृतीने कारागिरांच्या माथी काय मारले हे आम्ही विसरलेलो नाही, तरी हा निर्बंध नोंदवणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य ठरेल. धनुर्वेदाच्या ग्रंथांत पात्यांची नावे आहेत: आरामुख, क्षुरप्र, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, काकतुंड. सुईसारखे टोक चिलखत भेदण्यासाठी आणि वस्तऱ्यासारखे रुंद पाते कापण्यासाठी. आजच्या इंग्रजीत ज्याला ब्रॉडहेड म्हणतात, ते या दुसऱ्या कुळातले.

ईशीचे बाण

आता गोष्ट अमेरिकेत जाते, कारण बाणाने शिकार करण्याची आजची रीत तिथे नव्याने उभी राहिली. ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक भुकेला, एकटा आदिवासी माणूस सापडला. तो याही जमातीचा शेवटचा माणूस होता. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याची जमात कत्तलींत संपवली होती. त्याला सान फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात ठेवण्यात आले. आपले नाव तो सांगेना, म्हणून त्याला ईशी म्हणू लागले. त्याच्या भाषेत ईशी म्हणजे माणूस.

विद्यापीठाच्या रुग्णालयातले शल्यवैद्य सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुष्यबाणाची विद्या घेतली. ईशीच्या शिकारी बाणाची रचना आपल्याला आता ओळखीची वाटेल. मुख्य काठी हलक्या लाकडाची, तिच्या पुढच्या टोकाला भोक पाडून त्यात जड, कठीण लाकडाचा तुकडा बसवलेला आणि त्याच्या टोकाला काळ्या ज्वालामुखी काचेचे पाते. काच नसेल तेव्हा फुटक्या बाटलीचा तुकडाही तो शिंगाच्या टोकाने दाबून दाबून पात्यात बदलून टाकी. कंडरा तोंडात चघळून मऊ करायचा आणि वेढे घालायचे. अरबस्तानातला तीरगर आणि कॅलिफोर्नियातला ईशी यांची भेट कधी झाली नव्हती. पण हलकी काठी आणि जड पाते यांचा संसार जुळवायचा तर मध्ये कठीण मध्यस्थ हवा, या उत्तराला दोघेही पोहोचले होते.

ईशी मार्च १९१६ मध्ये क्षयाने वारला. पोप यांनी १९२३ साली बाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि अमेरिकेत या छंदाला धुमारे फुटले. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने बाणाने हरणाची शिकार करण्यासाठी स्वतंत्र हंगाम दिला. त्याच वर्षी पॉल क्लॉप्स्टेग या भौतिकशास्त्रज्ञाने तुर्की तीरंदाजीवर पुस्तक काढले. १९६१ साली शिकाऱ्यांची संस्था स्थापन झाली, तेव्हा तिला पोप आणि त्यांचे सोबती आर्ट यंग यांची नावे दिली गेली. ज्याने शिकवले तो ईशी संस्थेच्या नावात आला नाही. बनवणारा मागे राहतो हे फक्त आमच्याकडेच घडते असे नाही.

पुन्हा पोकळ, पुन्हा खुंटी

ईशीनंतरही काही काळ बाण लाकडीच होते. भरीव लाकडाचे टोक निमुळते करायचे आणि त्यावर पात्याची नळी चिकटवायची. मग १९३९ साली जेम्स डग्लस ईस्टन यांनी ॲल्युमिनियमच्या नळीचे बाण केले. नंतर कार्बन तंतूंच्या नळ्या आल्या. बाण पुन्हा पोकळ झाला, आणि बोरूच्या काडीचा जुना प्रश्न नव्या धातूत परत उभा राहिला. उत्तरही तेच मिळाले. नळीच्या तोंडात धातूचा छोटा तुकडा बसवायचा. इंग्रजीत त्याचे नाव इन्सर्ट. आपल्याकडचा फिटर त्याला बुश म्हणेल. ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा हा तुकडा आतून पोकळ असतो आणि त्याला आटे पाडलेले असतात, इंचाला ३२. त्यामुळे कोणत्याही कारखान्याचे पाते त्यात फिरवून बसते. खुंटी राहिली, कंडराचा वेढा गेला आणि त्याच्या जागी आटे आले.

बसवण्याची रीत समजून घेतली, तर जुन्या तीरगराच्या शिस्तीचीही कल्पना येते. कार्बनची नळी वेगाने फिरणाऱ्या घासचाकाने कापावी लागते. दाबून कापली तर तिचे तंतू फाटतात. कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून नाकातोंडावर धूळ अडवणारा मास्क हवा. कापलेले तोंड काठीच्या रेषेला अगदी काटकोनात घासून घ्यायचे. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि तोच सर्वांत मोलाचा आहे, कारण तोंड तिरपे असेल तर इन्सर्टची कड तिरपी टेकते आणि पाते वाकडे पाहते. मग नळी आतून स्पिरिटने पुसून कोरडी करायची आणि इन्सर्टवर पॉलिश कागद हलका फिरवायचा, म्हणजे चिकट पदार्थाला धरायला जागा मिळते. इपॉक्सी लावून इन्सर्ट गोल फिरवत आत ढकलायचा, जेणेकरून थर सगळीकडे सारखा बसेल. बाहेर आलेला चिकटा लगेच पुसायचा आणि बाण उभा करून पुरेसा वेळ वाळू द्यायचा. काही जण उष्णतेने वितळणारा सरस वापरतात. त्यात ऊब इन्सर्टला द्यावी, नळीला नव्हे, कारण फार तापल्यास कार्बनची नळी आतून कमजोर होते आणि ते वरून दिसतही नाही.

त्यानंतर पाते. ब्रॉडहेडची पाती वस्तऱ्यासारखी असतात, म्हणून ती बोटांनी कधी आवळायची नाहीत; त्यासाठी छोटा पाना मिळतो. टोक मुठीत धरण्याची हदीस आणि हा पाना यांमागचा विचार एकच आहे: धार दुसऱ्याच्या आणि आपल्याही शरीरापासून राखावी. पाते बसले की बाण दोन टेकूंवर आडवा ठेवून गरगर फिरवतात. टोक जागच्या जागी स्थिर फिरले तर सांधा सरळ. भोवऱ्यासारखे डोलले तर कुठेतरी तिरपेपणा राहिला. सरावाच्या गोल टोकाला थोडा तिरपेपणा चालून जातो. ब्रॉडहेडला चालत नाही, कारण त्याची रुंद पाती हवेत छोट्या पंखांसारखी वागतात आणि बाणाला भलतीकडे नेतात.

वजनाची मोजणी गमतीची आहे. आजही जगभर बाणाचे पाते ग्रेनमध्ये मोजतात. नेहमीचे पाते १०० ग्रेनचे, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅमचे, किंवा १२५ ग्रेनचे, म्हणजे आठ ग्रॅमचे. आपल्या सराफाचा तोळाही १८३३ साली कंपनी सरकारने १८० ग्रेनवर पक्का केला होता. तेव्हा १०० ग्रेनचे पाते अर्ध्या तोळ्याहून किंचित जड. एवढ्याशा लोखंडावर जनावराचे मरण सोपे होणार की हाल होणार, हे ठरते.

कारण बाण धक्क्याने मारत नाही. तो कापतो आणि रक्त वाहवतो. धार उत्तम असेल आणि पाते सरळ गेले असेल तर जनावर फार थोड्या वेळात पडते. धार बोथट असेल किंवा सांधा हलला असेल तर ते जखमी होऊन रानात निघून जाते आणि दिवसेंदिवस तळमळते. म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी पात्याची किमान रुंदी ठरवून दिली आहे, सात-अष्टमांश इंच ही त्यांतली नेहमीची. काही राज्यांत उलट्या काट्यांच्या पात्यांना बंदी आहे. अदी इब्न हातिम यांच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर आणि आजचा हा कायदा यांच्यामध्ये चौदा शतके आणि एक महासागर आहे. तरी दोघांचाही आग्रह धारेवर आहे आणि दोघांचीही नजर जनावराच्या वेदनेवर आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आज आपल्याकडे बाण मैदानावर चालतो. आदिती आणि ओजस यांच्यासारख्या खेळाडूंचे बाणही पोकळ नळीचेच असतात, आणि त्यांच्या तोंडातही टोक असेच चिकटवून बसवावे लागते. निशाणाच्या मधोमध उमटलेल्या प्रत्येक गुणामागे कोणीतरी शांतपणे पुसलेला, घासलेला आणि जुळवलेला सांधा असतो.

सांधणाऱ्यांची नोंद

मुस्लिम मराठी साहित्याने गेल्या काही दशकांत एक मोठे काम केले. बादशहा आणि नवाब यांच्या पलीकडचा मुसलमान त्याने मराठी वाचकासमोर उभा केला. शिकलगार, पिंजारी, लोहार, मोमीन, अत्तार, बागवान या आमच्या जमाती हाताच्या कामावर उभ्या आहेत. शिकलगार हे नाव अरबी 'सैकल' म्हणजे चकाकी आणणे, यावरून आले. हे लोक तलवारीला पाणी देत होते, आता सुऱ्या-कात्र्यांना धार लावतात. पिंजाऱ्याची कमान युद्धाच्या कमानीची बहीणच. तिची तात रुई पिंजते एवढाच फरक. पण आमच्याच समाजात या जमातींकडे अश्रफ म्हणवणाऱ्यांनी कोणत्या नजरेने पाहिले, हेही आम्हाला ठाऊक आहे. एका बाणाच्या हदीसमध्ये कारागिराला पहिले स्थान आहे हे मिंबरवरून सांगितले जाते, आणि त्याच वेळी सोयरिकीच्या बैठकीत कारागिराचे स्थान शेवटचे असते.

तीरगरांचा धंदा बंदुकीने संपवला. धंदा गेला आणि ज्ञानही गेले: कोणत्या महिन्यात काडी तोडायची, ती किती वाळवायची, सरस किती पातळ ठेवायचा, वेढा उजवीकडून घालायचा की डावीकडून. अरबी, तुर्की, फारसी ग्रंथांत यातले काही वाचले, कारण तिथे कोणीतरी लिहून ठेवले. ईशीचे वाचले, कारण एका डॉक्टरला ऐकून घ्यायला वेळ होता. आपल्या तीरगरांचे आणि तीरबंदांचे कोणी लिहिले नाही.

आजही आमच्या वस्त्यांत विझत चाललेले अनेक हुन्नर आहेत. तातेचा आवाज आता क्वचितच ऐकू येतो. धारेचे चाक पायाने फिरवणारे हात थकले आहेत. ज्यांच्या घरात असा एखादा बुजुर्ग आहे, त्यांनी त्याच्याजवळ बसावे. अवजारांची नावे, मापे, हाताची ढब आणि कामाआधी पुटपुटलेली बिस्मिल्लाह, हे सगळे वहीत उतरवून घ्यावे. हदीसने तीरगराला दिलेली पहिली जागा इतिहासात त्याला मिळवून द्यायची असेल, तर तिची सुरुवात अशा वहीपासूनच होईल.